चार बोटे वर

माझा मेहुणा दत्तू जगातली प्रत्येक गोष्ट बोटांनी मोजायचा. चहात दूध किती घालू, असे माझ्या बायकोने विचारले की उजव्या हाताची चार बोटे जुळवून आडवी धरायचा आणि म्हणायचा, "चार बोटं." ओढ्याला पाणी किती आले? चार बोटं. विहीर किती उतरली? कालच्यापेक्षा चार बोटं. मुलगी बापापेक्षा किती उंच झाली? तेच. पारनेरच्या पठारावर त्याचे खरे आडनाव फक्त सातबाऱ्यावर उरले होते. लोक त्याला चारबोटे म्हणत. एकदा एका पाहुण्याने लग्नपत्रिकेवर 'श्री. चारबोटे, सहकुटुंब' असे लिहून पाठवले, तर ती पत्रिका त्याने लग्न होऊन गेल्यावरही कितीतरी दिवस भिंतीवर लावून ठेवली होती.

मी नगरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात सुट्या भागांची मापे तपासतो. केसाएवढा फरक निघाला तरी माल बाजूला काढणे हे माझे काम आहे. त्यामुळे आमचे दोघांचे पटणे अवघड होते. मी त्याला म्हणायचो, "दत्तू, तुझी चार बोटे आणि माझी चार बोटे सारखी नाहीत. माप कसले हे?"

"म्हनून तर मी माझीच वापरतो, दाजी," तो म्हणायचा. "तुमचा टेप घरी इसरतो. माझी बोटं आजून कुटं इसरली न्हाईत."

त्याच्या मापाला एक पोटनियमही होता. माती, मुरूम, कडबा, म्हणजे जे जे दबते, त्याला तो चार बोटांवर जास्तीचा अंगठा उभा धरायचा. "दबनाऱ्या वस्तूला आंगठा धरून मोजायचं. उद्याचं आजच घालून ठेवायचं." अंगणात मुरूम पसरताना, गोठ्यात माती भरताना त्याचा तो हात असा उभ्या अंगठ्यासह दिसायचा. दुरून पाहणाऱ्याला वाटे, हा कुणाला तरी थांबायची खूण करतो आहे.

त्याच्याकडे दुधाची पिकअप होती. गावाच्या पलीकडे ओढा आणि ओढ्याच्या पलीकडे उतारावर लांब लांब पाच वस्त्या. तिथल्या बायका सकाळी धारा काढून दूध चाळीस लिटरच्या ॲल्युमिनियमच्या कॅनमध्ये भरत. चारबोटे ते कॅन गोळा करून शीतकरण केंद्रावर पोचवायचा. गाडी जुनी होती, पण चारही चाकांना ओढ असलेली. पुढे-मागे कमानीचे पाटे, म्हणजे स्प्रिंगा. बरोबर कुणी माणूस नसे. थांब्यावर बायका खालून कॅन उचलायच्या आणि हा वर हौद्यात उभा राहून ओढून घ्यायचा.

गाडी पाण्यात घालण्याआधी तो चपला काढून स्वतः ओढ्यात उतरायचा. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पायाने गोटे चाचपत पलीकडे जायचा आणि परत यायचा. मग गाडीत बसून ओल्या पायांनीच क्लच दाबायचा. मी एकदा शेजारी बसलो होतो. म्हटले, रोजचाच ओढा, रोज काय बघायचे? म्हणाला, "दगूड रोज सरकतो, दाजी. माझी बायकू बी रोज त्याच घरात आसती, पन मी घरात शिरताना आधी बघूनच शिरतो." माझ्या पलीकडे बसलेल्या ताईने, म्हणजे माझ्या बायकोने, हात लांब करून त्याच्या डोक्यात टपली मारली.

इतकी काळजी घेऊनही पावसाळ्यात गाडी अडायचीच. ओढ्यातल्या मोठ्या गोट्याला मागच्या आसाच्या मधला लोखंडी गोळा आपटायचा आणि गाडी त्यावर बसायची. तिथून सुटली तर पलीकडच्या काळ्या मातीच्या चढावर गुळगुळीत टायर फिरत राहायचे. तोवर दूध कॅनमध्ये तसेच पडून. केंद्रावर पोचेपर्यंत चार-दोन कॅन नासलेले निघायचे. त्या वर्षी उन्हाळा संपता संपता केंद्राच्या माणसाने त्याला सरळ सांगितले, की या पावसाळ्यात पुन्हा नासके दूध आले तर गाडी ओढ्याच्या अलीकडेच थांबवायची. पलीकडच्यांनी दूध इथवर आणावे, नाहीतर राहू द्यावे.

ऐकायला एवढेसे वाटते. पण भरलेला कॅन डोक्यावर घेऊन पावसाळ्यातला ओढा ओलांडणे म्हणजे काय, हे तिथे उभे राहिल्यावर कळते. नाही जमले तर गाई विकायच्या. पहिल्याच वस्तीवर हौसाबाई होत्या. पन्नाशीच्या, काटक, तोंडाने फटकळ. नवरा पुण्याला रखवालदार, धाकट्या मुलीचे नर्सिंगचे शिक्षण दोन गाईंच्या दुधावर चाललेले. त्या चारबोटेला म्हणाल्या होत्या, "गाडी न्हाई आली तर मी दूध तुझ्या दारात आनून वतीन. तुझी बायकू मग शेन सारवती का दूध, ते बघू." तो हसला होता. पण त्या दिवसापासून त्याला दुसरे काही सुचेनासे झाले.

त्याच सुमारास एका रविवारी पुण्याकडची काही हौशी मंडळी उंच उंच जीपा घेऊन पठारावर खडकांतून गाड्या चालवायला आली. चारबोटे दूध टाकून परत येत होता. तो तिथे थांबला आणि दुपारपर्यंत घरी गेलाच नाही. संध्याकाळी मला फोन.

"दाजी, त्या गाडीखालून शेळी गेली. वाकली सुदिक न्हाई!"

"मग?"

"मग काय? टायर छातीयेवढं. मला आसंच पायजे. तुमी फकस्त हिशेब करून द्या."

मी पुढच्या रविवारी टेप, वही, कारखान्यातले एक लांब सरळ पोलादी माप आणि पुठ्ठ्याची मोठी खोकी घेऊन गेलो. आधी गाडीखाली पालथे पडून गोळ्यापासून जमिनीपर्यंतचे अंतर घेतले. मग त्याला अंगणात बसवून समजावले. गाडी उंच करण्याच्या दोन वाटा असतात. एक, पाटे वाढवून किंवा लांब कड्या घालून गाडीचे अंग वर उचलायचे. त्याला गॅरेजवाले लिफ्ट म्हणतात. दोन, टायरच मोठे घालायचे. पाटे वाढवले तर अंग वर जाते, पण गोळा चाकांच्या आसावरच असतो, तो होता तिथेच राहतो. ओढ्यातला गोटा आपटतो तो गोळ्याला. म्हणजे त्याचे दुखणे लिफ्टने बरे होणार नव्हते. गोळा वर घ्यायचा तर टायरच मोठे हवेत, आणि टायर दोन इंच मोठा घेतला तर गोळा एकच इंच वर येतो, कारण उरलेला इंच आसाच्या वरच्या बाजूला जातो.

"म्हंजे आर्धं माप कुटं जातं?" त्याने संशयाने विचारले.

"वर, मडगार्डकडे."

"फुकट?"

"फुकट नाही. तिथे जाऊन घासते."

हे पटवायला मी पुठ्ठ्याची चकती कापली. त्याला हव्या असलेल्या तेहतीस इंची टायरची. चाक काढून ती तिथे धरली आणि त्याला स्टेअरिंग पूर्ण फिरवायला लावले. पुठ्ठा मडगार्डमध्ये चुरगाळला. एकतीसची कापली. तीही घासली. शेवटी साडेएकोणतीसची चकती कशीबशी फिरली, तीही गाडीचे अंग थोडे वर उचलले तरच. मूळचे टायर साडेसत्तावीसचे. चारबोटे चकतीकडे आणि माझ्याकडे पाहत राहिला. छातीएवढ्या टायरचे त्याचे स्वप्न अंगणात पुठ्ठ्याच्या तुकड्यांत पडले होते. शेळी येऊन त्यातला एकतीसचा तुकडा खाऊ लागली.

"खा बाई," तो म्हणाला. "तू तरी मोटं टायर खा."

मी त्याला बाकीचेही सांगितले. टायर मोठा झाला की काटा कमी वेग दाखवतो. काट्यावर चाळीस दिसतील तेव्हा गाडी त्रेचाळीसच्या जवळ असेल. चढावर ओढ कमी होते, ब्रेक उशिरा लागतो. स्टेपनीही त्याच मापाची घ्यावी लागते, नाहीतर पंक्चर झाल्यावर गाडी एका पायाने लंगडते. शिवाय कायद्याची बाजू होती. मी परिवहन कार्यालयात जाऊन विचारून आलो. आपल्या मनाने गाडीत फेरफार करता येत नाहीत. सुदैवाने त्याच गाडीच्या जड मालाच्या प्रकाराला कंपनी स्वतः साडेएकोणतीसचे टायर आणि दोन इंच उंच पाटे देत होती. तेवढेच करायचे आणि कागदावर चढवून घ्यायचे, असे आमचे ठरले.

ठरले, असे मला वाटले. चारबोटे गाडी घेऊन मिस्त्रीकडे गेला तेव्हा मी कामावर होतो. मिस्त्रीने त्याला गळ घातली, की एवढे करतोच आहेस तर चार इंच उचल, रुबाब येईल. याचे मन आधीच जीपखालून गेलेल्या त्या शेळीपाशी अडकलेले. त्याने उचलली. संध्याकाळी गाडी नगरमधल्या माझ्या सावेडीच्या घरासमोर उभी केली आणि हॉर्न वाजवला. ताई बाहेर आली. वर पाहून म्हणाली, "अरे दत्तू, तू गाडी घेऊन आलास की मचाण?"

"बस की, तायडे. फिरवून आनतो."

"शिडी आहे का?"

मी टेपने माप घेतले आणि घरात गेलो. त्याला माझे न बोलणे फार लागायचे. मागोमाग येऊन म्हणाला, "दाजी, शिवी द्या, पन बोला." मी एवढेच सांगितले, की भरल्या कॅनांसह तिरक्या रस्त्यावर जाऊ नकोस, ही गाडी आता वर जड झाली आहे.

वस्त्यांच्या वाटेवर एके ठिकाणी रस्ता उताराकडे कलतो. दोन दिवसांनी तिथे वळताना त्याला वरच्या बाजूचे मागचे चाक हलके झाल्यासारखे जाणवले. कॅनमधले दूध डचमळून खालच्या बाजूला गेले आणि गाडी क्षणभर विचार करत थांबली, असे त्याने मला सांगितले. तो तसाच इंच इंच मागे आला, खाली उतरला आणि बांधावर बसून राहिला. फोनवर म्हणाला, "गाडी उच्च झाली, दाजी, आन् मी हलका झालो. दोनच इंच ठेवतो." मिस्त्रीने कुरकुर केली. पण जादाचे काढले आणि कंपनीचे दोन इंचांचे पाटे बसवले. टायर साडेएकोणतीसचे, खोल खाचांचे, ज्यांना तिकडे बटण टायर म्हणतात. टायरचा एक इंच आणि पाट्यांचे दोन, अशी गाडी एकूण तीन इंच वर आली. चारबोटेने हौद्याच्या कडेला हात लावून पाहिले आणि त्याचा चेहरा उजळला.

"चार बोटं!"

मी माझी चार बोटे टेपवर ठेवून पाहिली. तीन इंचाला सूतभर कमी. त्याची जरा जाड होती. त्याची बरोबर तीन भरली. आमची मापे जुळल्याचा हा पहिलाच प्रसंग.

पहिल्या मोठ्या पावसानंतर तो मला मुद्दाम बरोबर घेऊन गेला. सवयीप्रमाणे ओढ्यातून चालून आला. टायरमधली हवा थोडी कमी केली, म्हणजे रबर दगडाला पसरून धरते. मग गाडी पाण्यात घातली. गोट्यावरून एक बाजू चढली, उतरली. खालून लोखंडाचा आवाज आला नाही. काळ्या मातीच्या चढावर टायरांनी चिखल मागे फेकला, पण गाडी फिरत न बसता वर आली. चारबोटेने माझ्याकडे पाहिले सुद्धा नाही. फक्त मान ताठ करून गाडी चालवत राहिला.

पहिल्या वस्तीवर हौसाबाई आणि त्यांची जाऊ कॅनजवळ उभ्या होत्या. चारबोटे उडी मारून हौद्यात चढला. "आना!" दोघींनी दोन कड्या धरून कॅन उचलला, नेहमीप्रमाणे मांडीवर टेकवला आणि वर ढकलला. कॅन हौद्याच्या कडेला आपटून परत मांडीवर आला. पुन्हा ढकलला. पुन्हा आला. हौसाबाईंनी कॅन खाली ठेवला, पदराने तोंड पुसले आणि गाडीकडे वरपासून खालपर्यंत पाहिले.

"का रं चारबोट्या, गाडी घोड्यावर बसवली व्हय?"

"चार बोटंच वर केली, हौसाकाकू. वढ्यासाटी."

"वढ्याला इचारलंस. आमाला इचारलंस का?" त्यांनी मांडीवर थापटी मारली. "हितं टेकवून दूध वर जायाचं. आता मांडी पुरत न्हाई. का आमच्या बी पायाला मोटं टायर लावतो?"

जाऊ हसली. हौसाबाई हसल्या नाहीत. मी गाडीच्या पलीकडच्या बाजूला उभा होतो. आम्ही गोळा मोजला होता, मडगार्ड मोजले होते, काटा, ब्रेक, कलता रस्ता, सगळे मोजले होते. कॅन बाईच्या मांडीवरून वर जातो, हे रोज पाहणाऱ्या त्याच्या आणि अधूनमधून पाहणाऱ्या माझ्या हिशेबात आलेच नव्हते. भरलेला कॅन सहज चव्वेचाळीस-पंचेचाळीस किलोचा. मांडीचा टेका मिळतो तोवर दोघी तो चढवतात. टेक्याच्या वर तीन इंच म्हणजे सगळे वजन खांद्यांवर.

त्या दिवशी चारबोटे आणि मी खाली उतरून सगळ्या वस्त्यांवरचे कॅन चढवले. दुसऱ्या दिवसापासून तो एकटा. प्रत्येक थांब्यावर खाली उतरायचे, एका बाईबरोबर कॅन उचलायचा, कडेवर ठेवायचा, वर चढून आत ओढायचा. आठवडाभरात त्याची कंबर धरली. तरी तो गाडी बंद करेना. आणि एवढ्या चढउतारात वेळ जाऊन केंद्रावर पोचायला उशीर होऊ लागला, तो ओढ्यात अडल्याने व्हायचा तेवढाच. एकदा केंद्रावर एक कॅन पुन्हा नासका निघाला. त्या माणसाने तो बाजूला ठेवला आणि ही शेवटची वेळ, असे चारबोटेला बजावले.

मी सुचवले, मूळचे पाटे परत घाल. तो म्हणाला, "मग वढा?" ताईने सुचवले, लहान कॅन घ्या. केंद्रावर लहान कॅन चालत नव्हते. त्याच्या घरी रात्री जेवताना हीच चर्चा असायची, आणि तो मान खाली घालून चतकोर भाकरीवर उठायचा.

उपाय चिखलाने सुचवला. तिसऱ्या वस्तीवर गाडी उभी करायची नेहमीची जागा पावसाने बसली होती, म्हणून चारबोटेने ती मागे घेऊन शेताच्या दगडी बांधाला चिकटवून लावली. बांध हौद्याच्या जवळपास उंचीचा. तिथल्या बायका किटल्या घेऊन बांधावरच उभ्या होत्या. एकीने कॅनही तिथेच आणून ठेवला होता. त्यांनी बांधावरच किटल्या कॅनमध्ये ओतल्या आणि भरलेला कॅन नुसता लोटला. तो खरखरत हौद्यात गेला. कुणी काही उचललेच नाही.

चारबोटे तसाच गाडी घेऊन उलटा पहिल्या वस्तीवर गेला आणि हौसाबाईंना हाका मारू लागला. त्यांना वाटले, कुणी गेले.

त्या महिन्यात पाचही वस्त्यांवर दगडी ओटे उभे राहिले. दगड बांधांचे, काम वस्त्यांवरच्या लोकांचे. एका बाजूने दोन पायऱ्या. बायकांनी लहान किटल्या घेऊन चढायचे, ओट्यावर ठेवलेल्या रिकाम्या कॅनमध्ये ओतायचे आणि भरला की लोटायचा. उंची ठरवताना मात्र मी टेप घेऊन हजर राहिलो. मला एक गोष्ट माहीत होती. भरली गाडी बसते. पहिल्या वस्तीवर पोचलेल्या रिकाम्या आणि शेवटच्या वस्तीवर पोचलेल्या भरत आलेल्या गाडीची उंची मी मोजली होती. फरक तीन इंचांचा. म्हणजे पहिल्या वस्तीवर गाडी रिकामी आणि उंच, शेवटच्या वस्तीवर भरलेली आणि तीन इंच खाली. सगळे ओटे एकाच उंचीचे बांधले तर शेवटच्या वस्तीवरच्या बायकांना कॅन खाली उतरवावा लागला असता.

मी हे चारबोटेला सांगितले. त्याने क्षणभर आकाशाकडे पाहिले. मग एक एक बोट मिटत म्हणाला, "पाच वटे. चार बोटं. दर वट्याला एक बोट खाली." माझ्या भागाकाराचे उत्तर पाऊण इंच आले होते. त्याचे बोट पाऊण इंचाचे होते. मी टेप खिशात ठेवला आणि त्याने प्रत्येक ओट्याची शेवटची फरशी हाताने बघून बसवली.

गाडी पुढे कितीतरी पावसाळे त्या मार्गावर गेली. ओढ्यापलीकडचे दूध कधी बंद पडले नाही. हौसाबाईंची मुलगी नर्स होऊन संगमनेरला एका दवाखान्यात लागली. केंद्राचा माणूस बदलला. चारबोटेने टायर झिजले की नेहमी त्याच मापाचे आणले, दुकानदाराने मोठ्याचा आग्रह केला तरी. पुण्याकडच्या उंच जीपा पुन्हा आल्या तेव्हा मी त्याला चिडवायला विचारले, आता काय म्हणते मन? म्हणाला, "मन म्हनतं, लई झ्याक गाडी हाय. पन तिच्यात कोन काय चढवनार, ते आधी इचारून घ्यावं."

त्याची ही सवय नंतर वाढतच गेली. नवीन काही करायचे म्हटले की आधी विचारायचा, "हात कुनाचा लागनार?" माझ्या घरी स्वयंपाकघराचा ओटा नव्याने करायचा होता. मी पुस्तकातून उंची काढली होती. त्याने ताईला पोळपाट लाटणे देऊन मोकळ्या जागेत उभे केले, तिच्या कोपराखाली हात धरला आणि गवंड्याला खूण करायला लावली. ताईची मान आता दुखत नाही. कारखान्यात मीही एखाद्या भागाची मापे बरोबर आली की एक प्रश्न जास्तीचा विचारू लागलो, की हा भाग बसवणारा माणूस कुठे उभा राहतो. सहकारी हसतात. विचारायला खर्च येत नाही.

गेल्या वर्षी चारबोटे गेला. केंद्रावर कॅन उतरवून झाले होते, चहा मागवला होता, आणि बाकावर बसल्या बसल्या छातीत दुखून कलंडला. नगरला आणेपर्यंत संपले होते. त्रेपन्न हे काही वय नव्हे. दहाव्याला पाचही वस्त्यांवरची माणसे ओढा ओलांडून आली. गाडी त्याच्या बायकोने डोंगराकडच्या एका शेतकऱ्याला दिली. दारात उभी असलेली बघवत नव्हती, असे म्हणाली.

आता त्या ओढ्यावर पूल झाला आहे आणि वस्त्यांपर्यंत डांबरी रस्ता. दूध न्यायला नवा माणूस येतो. त्याची पिकअप नवी, साधी, कंपनीतून आली तशी. तिला उंच असण्याची गरज नाही. पण पहिल्याच दिवशी ओट्याला लावल्यावर हौदा ओट्याच्या खाली राहिला. कॅन लोटला की धपकन पडायचा, झाकण उडायचे, दूध सांडायचे. त्याने ग्रामपंचायतीत सांगितले, की हे ओटे गवंड्याने दारू पिऊन बांधलेत, एकाची उंची दुसऱ्याला नाही, फोडून सगळे एकसारखे आणि खाली घ्या. चारबोटेचा नातेवाईक आणि मापातला माणूस म्हणून मला बोलावणे आले.

मी पहिल्या वस्तीवर गेलो तेव्हा गाडी ओट्याला लागलेली होती. हौसाबाई पायरीवर बसल्या होत्या. आता साठीच्या पुढे गेल्यात. गुडघा दुखतो, पण दोन पायऱ्या चढतात. मी ड्रायव्हरला ओटे कमी-जास्त का आहेत ते सांगितले. गाडी भरत जाते तशी बसत जाते, हे त्याला लगेच पटले. रोज गाडी चालवणारा माणूस तो. "बरुबर हाय तुमचं," तो म्हणाला. "पन माजी गाडी पैल्यापास्नं खालीच हाय. वटा तर फोडावाच लागंल."

"वटा न्हाई हलायचा," हौसाबाई म्हणाल्या.

"मग काय करू, मावशी? गाडी उच्च करू?"

"गाडी कशाला उच्च करतो? ती येकदा केलीती, आमाला ठावं हाय." त्या पायरीवरून उठल्या, ओट्याचा आधार घेत गाडीच्या मागच्या चाकाजवळ आल्या आणि रस्त्याच्या कडेच्या जमिनीवर पाय आपटला. "गाडी उभी ऱ्हाती ती जागा उच्च कर. पाची वट्यांपाशी मुरूम टाक. वटा आपल्या जागी, रस्ता आपल्या जागी."

ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिले. यात चुकीचे काही नव्हते. जुनी गाडी साध्या गाडीपेक्षा तीन इंच वर होती. पाचही ठिकाणी जमीन तितकीच वर घेतली की ओट्यांचा हिशेब जसाच्या तसा लागू होणार होता. मी टेप काढत होतो.

"किती टाकू, मावशी?" त्याने विचारले.

हौसाबाईंनी उजवा हात पुढे केला, बोटे जुळवून आडवी धरली.

"चार बोटं," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून त्यांनी अंगठा उभा केला. "मुरूम दबतो. आंगठा धरून टाक."

मी टेप परत खिशात ठेवला आणि मुरूम कुठून आणायचा ते विचारले.